जन्मदाखला, लग्नाचा दाखला, पदवी : परदेशासाठी कागद प्रमाणित करताना

प्रश्न थोडक्यात असा आहे. कुटुंब साताऱ्याजवळच्या गावातलं. नवऱ्याला दुबईत नोकरी लागली आहे, बायको आणि लहान मुलगा मागून जाणार आहेत. धाकट्या भावाला स्पेनमध्ये मास्टर्सला प्रवेश मिळाला आहे. पदवी शिवाजी विद्यापीठाची, लग्नाची नोंद ग्रामपंचायतीत, मुलाचा जन्म नगरपालिकेच्या हद्दीत. एजंट सगळ्याचे मिळून ४५ हजार सांगतो. हे काम स्वतः करता येईल का? आणि एकाच घरातल्या कागदांना कुठे ‘अपोस्टिल’ आणि कुठे ‘एम्बसी अटेस्टेशन’ का लागतं?

स्वतः करता येतं. पण क्रम चुकला तर तेच काम दोनदा करावं लागतं. म्हणून आधी हे समजून घ्या की यातला कुठलाही शिक्का तुमच्या कागदातला मजकूर खरा आहे असं म्हणत नाही. प्रत्येक कार्यालय फक्त आधीच्या कार्यालयाची सही आणि शिक्का ओळखतं. विद्यापीठाची किंवा जन्म-लग्न नोंदवणाऱ्या निबंधकाची सही मंत्रालय (मुंबईतलं, म्हणजे राज्य सरकार) ओळखतं, मंत्रालयातल्या अधिकाऱ्याची सही केंद्राचं परराष्ट्र मंत्रालय ओळखतं, आणि त्या मंत्रालयाची सही परदेशी वकिलात ओळखते. साखळीतला एक जरी माणूस मागच्याला ओळखत नसला तर फाइल तिथेच थांबते. त्यामुळे खरं काम दिल्लीत नसतं. ते तुमच्या ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत आणि विद्यापीठाच्या परीक्षा विभागात असतं. पुढचे टप्पे बहुतेक वेळा फक्त फी आणि वाट पाहण्याचे असतात.

दोन वाटा

एकमेकांचे सरकारी कागद मान्य करण्याबद्दलच्या ५ ऑक्टोबर १९६१ च्या हेग करारात जे देश आहेत, त्यांच्यात वकिलातीचा शिक्का लागत नाही. कागद ज्या देशाचा, त्या देशाच्या एका ठरलेल्या अधिकाऱ्याने अपोस्टिल, म्हणजे कागदावरची सही-शिक्का खरा असल्याचं ठरलेल्या नमुन्यातलं प्रमाणपत्र, लावलं की पुरतं. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे आणि अपोस्टिल देण्याचा अधिकार परराष्ट्र मंत्रालयाकडे आहे. स्पेन करारात आहे, त्यामुळे भावाच्या कागदांची वाट अशी: राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल, संपलं.

संयुक्त अरब अमिराती करारात नाही. कतार आणि कुवेतही नाहीत. तिथे जुनी पूर्ण साखळी लागते: राज्य सरकार, परराष्ट्र मंत्रालयाचा साधा शिक्का, त्या देशाची भारतातली वकिलात, आणि तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. दुबईसाठी अपोस्टिल करून घेणं म्हणजे चुकीचं तिकीट काढणं. एजंटाच्या हाताखालचा मुलगा घाईत सगळ्या कागदांना एकाच खिडकीवर टाकतो आणि नवऱ्याच्या पदवीवर अपोस्टिल चिकटवून आणतो, असं घडतं. म्हणून प्रत्येक कागदासोबत देशाचं नाव लिहिलेली चिठ्ठी जोडा.

‘आखाती देश म्हणजे एम्बसी’ हा सरसकट समजही आता खरा नाही. ओमान २०१२ पासून आणि बहारिन २०१३ च्या अखेरीपासून करारात आहेत. सौदी अरेबियात ७ डिसेंबर २०२२ पासून अपोस्टिल चालतं. चीन ७ नोव्हेंबर २०२३ ला आला, कॅनडा ११ जानेवारी २०२४ ला. जुन्या माहितीवर चालणारे लोक सौदीसाठी अजून वकिलातीचे पैसे मागतात. हेग परिषदेच्या संकेतस्थळावर सदस्य देशांचा तक्ता आहे, तो स्वतः बघून घ्या.

या तक्त्यात एक रकाना हरकतींचा असतो आणि तो फार कमी लोक वाचतात. जर्मनीही करारात आहे आणि भारतही, पण भारताच्या प्रवेशाला जर्मनीने हरकत घेतली आहे. त्यामुळे या दोन देशांमध्ये करार लागूच होत नाही. जर्मन नोंदणी कार्यालयाला भारतीय जन्मदाखल्याची खात्री हवी असते तेव्हा ते आपल्या वकिलातीमार्फत स्थानिक पडताळणी करवून घेतं, म्हणजे माणूस प्रत्यक्ष निबंधकाच्या कार्यालयात जाऊन रजिस्टर बघतो. विद्यार्थ्यांना १ नोव्हेंबर २०२२ पासून व्हिसासाठी एपीएस (शैक्षणिक कागद तपासणारी जर्मन यंत्रणा) प्रमाणपत्र लागतं, ते वेगळंच प्रकरण आहे. जर्मनीतल्या कार्यालयाने लेखी मागितलं असेल तरच अपोस्टिलवर खर्च करा.

आणि सगळ्यात आधीचा प्रश्न: कागद प्रमाणित करून हवा आहे असं नेमकं कोण म्हणतंय? अमेरिकेच्या इमिग्रेशन अर्जाला भारतीय जन्मदाखल्यावर अपोस्टिल लागत नाही. दाखला इंग्रजीत नसेल तर भाषांतर आणि भाषांतरकाराचं प्रमाणपत्र लागतं, इतकंच. कॅनडासाठी पदवीचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थांना ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत तक्ता) विद्यापीठाकडून थेट किंवा सीलबंद हवं असतं, त्यावर सरकारी शिक्के मारून काही उपयोग नाही. आखातात जाणाऱ्या नर्स आणि डॉक्टरांना ‘डेटाफ्लो’ या कंपनीकडून कागदांची तपासणी लागते. तीही अटेस्टेशनपेक्षा वेगळी पडताळणी आहे आणि एकामुळे दुसरी टळत नाही. मागणाऱ्या कार्यालयाचा ईमेल किंवा यादी हातात असल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

पहिला कागद

मुलाच्या जन्मदाखल्यापासून सुरुवात करू.

घरात असलेला जुना दाखला वापरू नका, नवीन काढा. कारण सोपं आहे. जुन्या दाखल्यावर सही करणारे निबंधक बदलून गेलेले किंवा निवृत्त झालेले असतात, आणि वर कुणाकडे त्यांची नमुना सही नसते. नवीन दाखला सध्याच्या निबंधकाच्या सहीने मिळतो. शिवाय युरोपातली बरीच कार्यालयं तीन ते सहा महिन्यांच्या आत काढलेलाच दाखला घेतात.

जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ खालचा जन्मदाखला नमुना ५ मध्ये असतो, मृत्यूचा नमुना ६ मध्ये. तो मराठी-इंग्रजी असा दोन्ही भाषांत मिळतो. फक्त मराठीत हाताने लिहून दिलेला कागद असेल तर परत करा आणि द्विभाषिक नमुना मागा. हॉस्पिटलने दिलेला रंगीत कागद, ज्यावर बाळाच्या पावलाचा ठसा असतो, तो दाखला नाही. त्याला पुढे कुणी विचारत नाही.

दाखला हातात आला की खिडकीसमोरून हलण्याआधी एवढं वाचा: मुलाचं नाव आहे का (कित्येक नोंदी नावाशिवाय असतात, विशेषतः बारशाआधी घरी आलेल्या बाळांच्या), आई आणि वडिलांचं पूर्ण नाव पासपोर्टप्रमाणे आहे का, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख भरली आहे का, निबंधकाची सही, नाव, पदनाम आणि गोल शिक्का स्पष्ट आहे का. संगणकावरून निघालेल्या दाखल्यावर क्यूआर कोड असतो आणि ‘सहीची गरज नाही’ अशी ओळही असू शकते. स्थानिक कामाला ते चालतं. पण सही ओळखण्यावरच पुढची साखळी उभी असल्यामुळे निबंधकाची शाईची सही आणि शिक्का घेऊन ठेवणं शहाणपणाचं.

नाव नसेल तर कलम १४ खाली नाव नोंदवता येतं. नोंदणीनंतर बारा महिन्यांत विनाशुल्क, पुढे विलंब शुल्क भरून पंधरा वर्षांपर्यंत. चूक असेल तर कलम १५ खाली दुरुस्ती होते. त्याला पुरावा म्हणून आई-वडिलांचे पासपोर्ट, हॉस्पिटलचा कागद आणि प्रतिज्ञापत्र लागतं. निबंधक मूळ नोंद खोडत नाही, समासात दुरुस्ती लिहून सही करतो आणि मग नवीन दाखला देतो. खाडाखोड केलेला किंवा पेनाने अक्षर वाढवलेला दाखला पुढे कुठेही टिकत नाही, मग ती खाडाखोड कार्यालयातल्याच माणसाने केलेली असो.

नोंदच सापडत नसेल तर नमुना १० मध्ये ‘नोंद उपलब्ध नाही’ असं प्रमाणपत्र घ्यावं लागतं आणि एक वर्षापेक्षा जास्त उशीर झाला असेल तर कलम १३(३) खाली आदेश. २०२३ च्या दुरुस्तीनंतर हा अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी किंवा त्यांनी नेमलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला आहे. २०२५ पासून महाराष्ट्रात अशा उशिराच्या नोंदींची छाननी बरीच कडक झाली आहे. पन्नाशी-साठीतल्या आईवडिलांना परदेशी न्यायचं असेल तर हे काम व्हिसाच्या महिन्यात काढू नका, वर्षभर आधी काढा.

गावाच्या दाखल्याची एक वेगळी अडचण असते. ग्रामीण भागात निबंधक म्हणजे ग्रामसेवक, ज्यांना आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात. राज्यातल्या हजारो ग्रामपंचायतींतल्या प्रत्येकाची नमुना सही मंत्रालयात असण्याची शक्यता नाही. म्हणून ग्रामपंचायतीच्या कागदावर तालुका किंवा जिल्हा पातळीवरच्या अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी घेतात. लग्नाच्या दाखल्याला गटविकास अधिकारी, जन्मदाखल्याला जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागातले जिल्हा निबंधक. नेमकी कुणाची चालेल हे मंत्रालयातल्या खिडकीवर आधी विचारून घ्या, कारण सह्यांची यादी बदलत राहते. प्रतिस्वाक्षरी करणाऱ्याने नाव आणि पदनामाचा शिक्का मारला पाहिजे. नुसता फराटा मारून दिलेली सही परत येते.

लग्नाचा दाखला आणि नावांचा घोळ

मंगल कार्यालयाची पावती, भटजींनी दिलेला कागद, चर्चचं प्रमाणपत्र, यांवर राज्याचा शिक्का मिळत नाही. नोंदणी सरकारी हवी. महाराष्ट्रात बहुतेकांकडे १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखालचा ‘नमुना ई’ असतो. नोंदणी विवाह केलेल्यांकडे विशेष विवाह कायदा १९५४ खालचं विवाह अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र असतं. दोन्ही चालतात. दुसऱ्यावर जिल्हास्तरीय अधिकाऱ्याची सही असल्यामुळे प्रतिस्वाक्षरीची फेरी वाचते, एवढाच फरक.

आपल्याकडच्या बहुतेक फाइली अडकतात त्या नावांवर. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव पहिलं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. विद्यापीठाच्या कागदावर शेवटी आईचंही नाव येऊ शकतं. पासपोर्टवर दिलेलं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका रकान्यात, आडनाव वेगळ्या. मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नुसतं ‘सुनीता’. लग्नाच्या दाखल्यावर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. आपल्याला हे सगळं एकाच बाईचं आहे हे दिसतं, दुबईतल्या कारकुनाला दिसत नाही.

यावर उपाय कागदागणिक वेगळा. क्रम उलटसुलट असणं, म्हणजे आडनाव आधी की नंतर, हे सहसा चालून जातं. स्पेलिंगमधला फरक चालत नाही. ‘वैशाली’ एका ठिकाणी व्ही ने आणि दुसऱ्या ठिकाणी डब्ल्यू ने असेल तर जन्मदाखला पासपोर्टप्रमाणे दुरुस्त करून घ्या. शैक्षणिक कागद बदलण्याच्या मागे लागू नका, त्यात महिने जातात. तिथे ‘दोन्ही नावं एकाच व्यक्तीची’ असं प्रतिज्ञापत्र, आणि नाव खरोखर बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रातली नोंद, यांचा आधार घ्यावा. बायकोचं नाव सासरचं झालं असेल तर लग्नाच्या दाखल्यावर लग्नाआधीचं पूर्ण नाव असणं हेच बरोबर आहे, तोच दाखला दोन नावांमधला पूल असतो. मात्र मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचं नाव एकेरी असेल तर ते पूर्ण करून घ्या. कुटुंबाच्या व्हिसाला अडण्याचं हे नेहमीचं कारण आहे.

लॅमिनेशन

घराघरात प्रेमाने केलेला हा गुन्हा. लॅमिनेशन केलेल्या कागदाच्या पाठीवर ना शिक्का उठतो, ना अपोस्टिलचं स्टिकर चिकटतं. इस्त्रीने किंवा गरम हवेने ते काढायचे प्रयोग करू नका, शाई प्लॅस्टिकबरोबर निघून येते आणि मग कागद ‘खराब’ म्हणून परत येतो. जन्माचा आणि लग्नाचा दाखला नवीन काढा, काही रुपयांचं काम आहे. पदवी मात्र विद्यापीठाकडून दुय्यम प्रत म्हणून मागवावी लागते आणि त्याला काही आठवडे लागतात. म्हणून सगळ्या यादीत पहिल्यांदा पदवीची अवस्था तपासा.

पदवी

पदवीदान समारंभातलं मूळ प्रमाणपत्र लागतं. ‘प्रोव्हिजनल’ किंवा नुसतं उत्तीर्ण झाल्याचं प्रमाणपत्र बहुतेक ठिकाणी चालत नाही. समारंभ झाला पण प्रमाणपत्र उचललं नाही असे कित्येक जण असतात, त्यांनी आधी ते मागवावं.

मंत्रालयात जाण्याआधी विद्यापीठाची पडताळणी. परीक्षा विभागाकडे अर्ज, शुल्क, मूळ पदवी आणि सगळ्या वर्षांच्या गुणपत्रिका नेल्या की विद्यापीठ एकतर पदवीच्या पाठीमागे सही-शिक्का करतं किंवा पडताळणीचं पत्र देतं. ज्यांची सही होते त्यांची नमुना सही राज्याच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाकडे असायला हवी. विभागप्रमुखाने किंवा कॉलेजच्या प्राचार्यांनी केलेली सही इथे कामाची नाही. वैद्यकीय, नर्सिंग, फिजिओथेरपी वगैरे अभ्यासक्रमांची पडताळणी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडून होते, जुन्या पदव्या ज्या विद्यापीठाच्या असतील त्यांच्याकडून. पॉलिटेक्निक डिप्लोमा तंत्रशिक्षण मंडळाकडून. दहावी-बारावीची पडताळणी राज्य मंडळाच्या ज्या विभागीय मंडळातून परीक्षा दिली त्या मंडळातून. साताऱ्यासाठी ते कोल्हापूर आहे, पुणे नव्हे. शाळा सोडल्याचा दाखला परदेशी मागितला असेल तर जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांची प्रतिस्वाक्षरी लागते.

विद्यापीठाच्या पडताळणीनंतर राज्याच्या शिक्षण विभागाचा शिक्का. एजंटांच्या तोंडी याला ‘एचआरडी’ म्हणतात. इथे एक आडवाट विकली जाते: दिल्लीतल्या उपविभागीय दंडाधिकाऱ्याचा (एसडीएम) शिक्का घ्यायचा, महाराष्ट्रात यायचंच नाही. स्वस्त आणि झटपट. काही देशांना ते चालतंही. पण आखाती वकिलाती आणि तिथल्या कंपन्या शैक्षणिक कागदावर राज्याच्या शिक्षण विभागाचाच शिक्का मागतात, आणि दंडाधिकाऱ्याचा शिक्का असलेली पदवी परत पाठवतात. एकदा चुकीच्या शिक्क्यांनी भरलेली पाठ रिकामी करता येत नाही. नवऱ्याच्या पदवीसाठी एजंटाला लेखी विचारा, ‘एचआरडी की एसडीएम’.

मंत्रालय आणि परराष्ट्र मंत्रालय

जन्म, मृत्यू, लग्न, प्रतिज्ञापत्र असे वैयक्तिक कागद मंत्रालयात सामान्य प्रशासन विभागाकडे जातात. एजंट त्याला ‘जीएडी’ म्हणतात. मूळ कागद, त्याची झेरॉक्स, ज्याचा कागद आहे त्याच्या पासपोर्टच्या पहिल्या आणि शेवटच्या पानाची झेरॉक्स, आणि दुसरा कुणी जमा करत असेल तर अधिकारपत्र आणि त्याचं ओळखपत्र, एवढा संच प्रत्येक कागदासाठी वेगळा करा. सगळं एका पिनेला लावून देऊ नका. जमा करण्याची आणि परत मिळण्याची वेळ आधी फोनवर विचारून मगच गाडीत बसा.

परराष्ट्र मंत्रालय नागरिकांकडून थेट कागद घेत नाही. २०१२ पासून ते नेमलेल्या बाहेरच्या संस्थांमार्फत घेतलं जातं आणि त्यांची यादी परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहे. २०१९ पासून हे काम दिल्लीपुरतं राहिलेलं नाही, मुंबईतही होतं, त्यामुळे महाराष्ट्रातल्या कागदासाठी दिल्लीच्या कुरिअरचे पैसे मागणाऱ्याला कारण विचारा. सरकारी शुल्क किरकोळ आहे: अपोस्टिलसाठी कागदामागे ५० रुपये, साध्या शिक्क्याला शुल्क नाही. त्यावर संस्थेचं सेवाशुल्क आणि पानागणिक स्कॅनिंगचे थोडे रुपये. परराष्ट्र मंत्रालयाच्या टप्प्यावर हजारो रुपये लागतात असं सांगणारा तुमच्या माहितीअभावाचे पैसे घेतो आहे.

भारतातलं अपोस्टिल म्हणजे कागदाच्या पाठीवर चिकटवलेलं संगणकीय स्टिकर. करारात ठरवल्याप्रमाणे त्यात दहा क्रमांकित रकाने असतात: देश, कुणी सही केली, कुठल्या पदावरून, कुणाचा शिक्का, कुठे, कधी, कुणी प्रमाणित केलं, क्रमांक, मोहोर, सही. हाती आल्यावर दोन गोष्टी बघा. सही करणाऱ्याचं नाव तुमच्या कागदावर शेवटचा शिक्का मारणाऱ्या अधिकाऱ्याशी जुळतं का, आणि स्टिकरवरचा क्रमांक संकेतस्थळावर टाकल्यावर नोंद दिसते का. प्रत्येक अपोस्टिलची नोंद ठेवणं करारानेच बंधनकारक केलं आहे, त्यामुळे क्रमांक सापडत नसेल तर स्टिकर खोटं असण्याची शक्यता धरा. खोटे शिक्के मारणाऱ्या टोळ्या पकडल्या गेल्या आहेत. परदेशात असा कागद सापडला तर भोगावं लागतं ते कागदाच्या मालकाला.

झेरॉक्सवर नोटरीची सही घेऊन पुढे अपोस्टिल करून घेता येतं, आणि मूळ पदवी जपायची म्हणून अनेक जण तसं करतात. तसं केल्यावर अपोस्टिल नोटरीच्या साखळीवर लागतं, पदवीवर नाही. काही विद्यापीठांना ते चालतं, सरकारी कार्यालयांना सहसा नाही. मागणाऱ्याने ‘मूळ कागदावर’ असं लिहिलं असेल तर मूळच द्या.

ई-सनद ही ऑनलाइन सोय २४ मे २०१७ पासून आहे. कागद देणारी संस्था तिथे जोडलेली असेल तर पडताळणी घरबसल्या होते. आपलं मंडळ किंवा विद्यापीठ यादीत आहे का हे आधी बघा, नसेल तर अर्ज तसाच पडून राहतो.

दुबईचा शेवटचा टप्पा

परराष्ट्र मंत्रालयाच्या शिक्क्यानंतर अमिरातीची वकिलात: दिल्लीतला दूतावास किंवा मुंबईतला वाणिज्य दूतावास. खरा खर्च इथे येतो, आणि पदवी, लग्न आणि जन्म असे तीन कागद असल्यामुळे तो तिप्पट होतो. दुबईत पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, कागदामागे १५० दिरहॅम. तो झाल्याशिवाय बायको-मुलाच्या राहण्याच्या परवान्याचा अर्ज पुढे जात नाही, म्हणून कागद नवऱ्याबरोबरच पाठवा, नंतर कुरिअरने नको. पुढे तिथल्या काही कामांसाठी अरबी भाषांतर लागतं. ते तिथल्या कायदेशीर भाषांतरकाराकडूनच करावं, पुण्यातून करून नेलेलं वाया जातं.

स्पेनचे कागद

भावाच्या यादीत पदवी आणि गुणपत्रिकांबरोबर पोलिस क्लिअरन्स असणार, कारण मुक्काम सहा महिन्यांपेक्षा जास्त आहे. हे प्रमाणपत्र पासपोर्ट कार्यालयातून घ्यावं. पासपोर्ट सेवा केंद्रात अर्ज, ५०० रुपये, स्थानिक पोलिस ठाण्याची पडताळणी. ते परराष्ट्र मंत्रालयाच्याच खात्याचं असल्यामुळे मधला राज्याचा टप्पा लागत नाही, थेट अपोस्टिल होतं. जिल्हा पोलिसांच्या पोर्टलवरून मिळणारं प्रमाणपत्र नोकरीसाठी ठीक आहे, व्हिसासाठी नाही. पोलिस क्लिअरन्सची मुदत कमी धरली जाते, म्हणून हा कागद सगळ्यात शेवटी काढा. पदवीच्या पडताळणीला लागणाऱ्या आठवड्यांमध्ये तो आधीच काढून ठेवला तर व्हिसाच्या दिवशी शिळा झालेला असतो. अपोस्टिलला स्वतःची मुदत नसते, मुदत त्याखालच्या कागदाला असते.

भाषांतर अपोस्टिलनंतर करायचं, आधी नाही. स्पॅनिश भाषांतर स्पेन सरकारमान्य शपथबद्ध भाषांतरकाराकडून लागतं आणि त्यात पाठीवरच्या अपोस्टिलचंही भाषांतर यायला हवं. अपोस्टिल झालेल्या अनेक पानी कागदाच्या पिना स्कॅन करण्यासाठी काढू नका. पिनेची भोकं हललेली दिसली की तिथला अधिकारी पानं बदलल्याचा संशय घेतो. पानं दुमडून स्कॅन करा.

किरकोळ पण विचारले जाणारे

अविवाहित असल्याचं सरकारी प्रमाणपत्र आपल्याकडे सरसकट मिळत नाही, त्यासाठी प्रतिज्ञापत्र करून नोटरी आणि मग मंत्रालय ही वाट. महाराष्ट्रात ऑक्टोबर २०२४ पासून १०० ऐवजी ५०० रुपयांचा मुद्रांक लागतो, जुन्या १०० च्या कागदावर केलेलं प्रतिज्ञापत्र परत येऊ शकतं. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची न्यायालयातून प्रमाणित नक्कल काढा, वकिलाने दिलेली झेरॉक्स नको. कंपनीचे कागद मंत्रालयात नेऊ नका, त्यांची सुरुवात चेंबर ऑफ कॉमर्सपासून होते.

परदेशातल्या भारतीय वकिलातीने पासपोर्टच्या आधारे दिलेल्या जन्मदाखल्यावर अपोस्टिल मिळत नाही, हे तिथे राहणाऱ्यांना उशिरा कळतं. वकिलातींनी दिलेले कागद करारातूनच वगळलेले आहेत. त्यासाठी गावातल्या नोंदीचाच दाखला काढून तो इथून अपोस्टिल करून पाठवावा लागतो. भाऊ किंवा आईवडील हे काम अधिकारपत्रावर करू शकतात.

४५ हजारांबद्दल. एजंटाला कागदागणिक आणि टप्प्यागणिक दर लिहून द्यायला सांगा: विद्यापीठ, राज्य, परराष्ट्र मंत्रालय, वकिलात, भाषांतर, कुरिअर. सरकारी आणि वकिलातीचं शुल्क पावतीप्रमाणे, त्याची मेहनत वेगळी. दुबईच्या तीन कागदांवर बरीच रक्कम वकिलातीकडेच जाणार, त्यात घासाघीस करण्यासारखं फार नाही. स्पेनच्या अपोस्टिलला मात्र त्याने हजारोंनी दर लावला असेल तर ते कागद वेगळे काढा. गावाची प्रतिस्वाक्षरी आणि विद्यापीठाची पडताळणी स्वतः करा, कारण तिथे नाव दुरुस्तीचे निर्णय घ्यावे लागतात आणि ते एजंटावर सोडता येत नाहीत. मुंबईचे टप्पे त्याला द्यायला हरकत नाही. देताना प्रत्येक कागदाच्या दोन्ही बाजूंचा स्कॅन स्वतःकडे ठेवा आणि पोचपावतीवर ‘मूळ पदवी’, ‘मूळ गुणपत्रिका’ असे शब्द लिहून घ्या. नुसतं ‘कागदपत्रे मिळाली’ लिहिलेली पावती पदवी हरवली की उपयोगाला येत नाही.